सेनगावच्या जीपमधली अमेरिका

ही हकीकत सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. टाळायची माझी रीतही ठरलेली होती. कुणी विषय काढला की मी प्रस्तावना सुरू करायचो. आधी ग्रीस, मग मध्ययुग, मग फ्रान्स, मग जर्मनी. जर्मनीच्या वेशीपर्यंत पोचेतो ऐकणाऱ्याची बस यायची किंवा कपातला चहा संपायचा, आणि मी सुटायचो. माझ्या निरोप समारंभात जवळपास प्रत्येक वक्त्यानं सांगितलं की सरांनी आयुष्यभर सत्याची उपासना केली. मी शाल सावरत खाली बघत होतो. लोकांना तो विनय वाटला.

म्हणून या वेळी ग्रीस नाही. सरळ गोरेगावच्या जीप स्टँडवर यायचं. पण तिथं पोचायला थोडी माहिती द्यावीच लागेल, तेवढी सोसा.

नव्वदच्या दशकात गोरेगावात आमचं कॉलेज नवंच निघालं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती, आम्ही परभणीचे. वर्ग पत्र्याचे. तत्त्वज्ञान हा विषय संस्थेनं का घेतला, असं एकदा मी संचालकांना विचारलं. ते म्हणाले, “सर, ह्याला प्रयोगशाळा लागत न्हाई, अन् बाटल्या फुटत न्हाईत.” त्या विभागाचा मी प्रमुख होतो. पहिली काही वर्षं विभागात मी एकटाच असल्यामुळे माझ्या प्रमुखपणाला कुणी आव्हान दिलं नाही.

मग विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला. युरोपीय तत्त्वज्ञानाच्या पेपरशेजारी अमेरिकन तत्त्वज्ञानाचा एक ऐच्छिक पेपर आला आणि तो शिकवायला एक तरुण सहकारी आले. पुसेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे. औरंगाबादला एम. ए. केलेलं, अंगानं सडसडीत, पायात कायम धूळ. पोरांनी महिन्याच्या आत आमचं बारसं केलं. मी युरोप सर, ते अमेरिका सर. गावातला न्हावीसुद्धा मला विचारायचा, “युरोप सर, मिशी ठेवायची का काढायची?”

त्यांची नेमणूक मात्र कच्ची होती. पेपरला पुरेशी पोरं बसली आणि विद्यापीठाच्या समितीनं येऊन मान्यता दिली, तर नोकरी पक्की. नाहीतर तासावारी, आणि तासावारीवर कुणाचं घर चालत नाही. घरी आई, वडील आणि लग्नाला आलेली बहीण. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढं जे घडलं ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

जून महिन्यात आम्ही दोघं विद्यार्थी गोळा करायला निघायचो. आमच्या भागात कॉलेजची पोरं आपण होऊन येत नाहीत, मास्तरांनी घरी जाऊन आणावी लागतात. माझी लूना, मागे ते. एका वस्तीवर एक बाप बाजेवर बसून दोरी वळत होता. पोरगं बारावी पास झालेलं.

“सर, हे तत्त्वज्ञान घेतल्यावर पोरगं काय करन?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “तो प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिकेल.”

“ते आत्ताच घेऊन राहिलं की. मी सांगितलेलं एक ऐकत न्हाई.”

मी शंकेचं महत्त्व सांगू लागलो. ज्याच्यावर शंकाच घेता येत नाही असं काहीतरी सापडेपर्यंत कसं खोदत जायचं, आणि मग त्या पायावर ज्ञानाची इमारत कशी उभी करायची, वगैरे. बापानं दोरी बाजूला ठेवली आणि अमेरिका सरांकडं बघितलं.

ते म्हणाले, “काका, एक वर्ष घालून बघा. न्हाई जमलं तर इतिहास हायेच.”

“हे बराबर बोलले,” बाप म्हणाला. “तुमच्या या मोठ्या सरांना बियाणं विकायला बसवू नका बरं. गिऱ्हाईक पेरणी हुकवन.”

परत येताना मी लूना जरा जोरात चालवली.

आमच्यातला खरा भेद याच जागी होता. तो मी वर्गात कित्येक तास घेऊन जेवढा सांगितला नाही, तेवढा स्टाफरूममधल्या एका दुपारी त्यांनी सांगितला. मी म्हणत होतो की युरोपचं वैभव म्हणजे पाया. तिथला विचारवंत दार लावून एकटा बसतो आणि जग आहे की नाही इथून सुरुवात करतो. जर्मन माणूस तर पाया इतका खोल घेतो की घराची वास्तुशांत व्हायच्या आत मालक म्हातारा होतो.

“अन् अमेरिकेतला गाडी जुंपून आधीच निघालेला आहे, सर,” ते म्हणाले. “मध्ये नदी आली. नदी आहे का नाही याच्यावर शंका घ्यायला त्याला सवड नाही, मागं लेकरं बसलेली असतात. तो काठी घालून पाणी किती आहे ते बघतो. विचार म्हणजे ती काठी. पाणी खोल निघालं तर काठी चुकली असं नाही, रस्ता बदलायचा. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य घेऊन फिरायचे. रस्ता खरा का खोटा, हे बैल पोचल्यावर कळायचं. अमेरिका म्हणजे मोठा तांडाच, सर. फक्त पुस्तकं जास्त.”

“म्हणजे जे सोयीचं ते खरं?” मी पकडलं. फळावरून खरं-खोटं ठरवणाऱ्या त्यांच्या अमेरिकन फलप्रामाण्यवादावरचा हा माझा ठेवणीतला हल्ला होता. “उद्या एखादं खोटं सोयीचं पडलं तर?”

“कोणाला सोयीचं? एकट्याला का सगळ्या तांड्याला? अन् किती दिवस? तडा गेलेल्या पुलाला मजबूत म्हणणं पहिल्या पुरापर्यंत सोयीचंच असतं.”

मी म्हणालो, हे तर्कशास्त्र नाही. ते म्हणाले, “नसंल, पण पूल आहे.” आणि माझ्या पुढ्यातला अर्धा चहा उचलून पिऊन टाकला.

दोन्ही खंडांचं हे व्यंगचित्र झालं, हे मला कळतं. युरोपातही अनुभवाला धरून चालणारे होते, अमेरिकेतही झाडाखाली बसून आत्म्याचा शोध घेणारे होते. पण आम्ही गोरेगावात होतो आणि आम्हाला एकेकच खंड वाटून दिला होता.

दुसऱ्या वर्षी त्यांचा वर्ग भरून पोरं खिडकीत बसू लागली. माझ्याकडं युरोप सांभाळायला तीन-चार जण उरले. त्यातल्या एका मुलीला मी मायेनं विचारलं की तुला युरोप का आवडतो. ती म्हणाली, “सर, तुमच्या वर्गातला पंखा चालू आहे.”

त्या रात्रीपासून मला अमेरिका खुपायला लागली.

आता जीप. गोरेगाव ते सेनगाव जीप चालायच्या. स्टँड कॉलेजच्या रस्त्यावरच, माझ्या व्हरांड्यातून दिसणारा. जीप भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हरखेरीज कुणाला सांगता येत नसे. आत माणसावर माणूस, मागं समोरासमोर गुडघ्यात गुडघे, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक, त्याच्या मांडीवर एक पिशवी, पिशवीत कोंबडी. तरी बाहेर आरोळी चालूच, “सेनगाव, सेनगाव, चला, एक सीट! बस एक सीट!” ती एक सीट कायम कमी असायची. मी स्टाफरूममध्ये म्हणायचो की परिपूर्णतेची जर्मन संकल्पना हीच. तिच्याकडं जात राहायचं, ती हाती लागत नाही. आणि एकदा ड्रायव्हरच्या मते जीप भरली की तिथं उभं राहायचं नाही, लगेच काढायची. मागच्या जीपचा नंबर लागलेला असतो. हा स्टँडचा कायदा होता.

समिती ज्या दिवशी यायची होती, त्या दिवशी सकाळी अमेरिका सर माझ्याकडं आले. समिती दुपारून येणार होती.

“सर, आज ‘अर्थ’ शिकवायचा आहे. पोरांना स्टँडवर नेऊ का? जीप रिकामी उभी आहे. अर्ध्या तासात परत आणतो.”

मी विभागप्रमुख. म्हणालो, “न्या की.” वर हसलोही. त्या हसण्यात, प्राचार्यांनी यांना स्टँडवर पकडावं, अशी बारीकशी इच्छा होती. तीही इथं नोंदवून ठेवतो.

स्टँडवर काय झालं ते मला नंतर पोरांनी सांगितलं, पुढं अनेक वर्षं सांगत राहिले. सरांनी ड्रायव्हरला विचारलं, “भाऊ, जरा पोरांना बसवून दाखवू का?”

“बसवा की. रिकामीच हाय.”

सर एकेक पोरगं आत घालायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, “भरली का?”

“न्हाई.”

आणखी दोन घातले. “आता?”

“कशाची, सर? हे तर बारके हैत.”

सर पोरांकडं वळले. “युरोप सर काय करतील? आधी ‘भरलेपण’ म्हणजे काय याची व्याख्या करतील. करू द्या, चांगलं काम आहे. आपण दुसरं विचारू. जीप भरली, असं आपण म्हटलं, तर त्यानं जगात काय फरक पडतो? ह्या वाक्यानंतर काय होतं? जे होतं तोच त्या वाक्याचा अर्थ.”

शेवटचं पोरगं मागच्या दांडीला लटकलं.

“आता?”

ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. “आता भरली,” तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं किल्ली फिरवली.

“अरे भाऊ, थांबा! हे सीट न्हाईत, विद्यार्थी हैत!”

“सर, भरल्यावर थांबता येत न्हाई. मागचा नंबरवाला बोंबलून राहिला. फाट्यावर उतरवतो.”

मागचा नंबरवाला खरंच हॉर्नवर हात ठेवून बसला होता. सरांनी उडी मारून पायरी पकडली आणि जीप सुटली.

ती कॉलेजच्या फाटकासमोरून गेली. मी व्हरांड्यात उभा होतो. एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातात खडू घेऊन, अमेरिका सर पायरीवर उभे होते आणि आतल्या पोरांना ओरडून सांगत होते, “बघा! भरली म्हणजे काय ते बघा! सुटली म्हणजे भरली!” तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एखाद्या सिद्धांताला इतक्या वेगानं पुरावा मिळाला नसेल. पोरं टाळ्या वाजवत होती. सरांनी मला बघितलं आणि खडूचा हात हलवला.

मीही हात हलवला.

जीपची धूळ खाली बसायच्या आत त्याच धुळीतून समितीची मोटार फाटकात शिरली. समिती लवकर आली होती.

अध्यक्ष वयस्कर, नामांकित, आयुष्यभर जर्मन तत्त्वज्ञान शिकवलेले. त्यांच्यासमोर मी विद्यार्थ्यासारखा उभा राहिलो. प्राचार्य हिंगोलीला गेलेले, त्यामुळे सगळं माझ्यावर. अध्यक्षांनी अमेरिकेच्या वर्गात डोकावून बघितलं. बाक रिकामे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘भरली म्हणजे काय?’

“दुसरे प्राध्यापक कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, त्यांना जीप घेऊन गेली, फाट्यावरून येतीलच. समिती पोट धरून हसली असती, चहा पीत थांबली असती, आणि अमेरिका सरांनी आल्या आल्या त्यांनाही जीपमध्ये बसवून दाखवलं असतं. पण मला माझा ओस पडलेला वर्ग दिसत होता, आणि परवानगी कुणी दिली हा पुढचा प्रश्नही दिसत होता. शिवाय अध्यक्षांवर छाप पाडायची होती.

मी म्हणालो, “त्याविषयी निश्चित असं काही म्हणता येणार नाही.”

अध्यक्षांचे डोळे चमकले. “वा! म्हणजे तुम्ही संशयापासून सुरुवात करता.”

“तीच शिस्त आहे, सर.”

“रजेवर आहेत?”

“तसं मानायला आधार नाही.”

“आज आले तरी होते का?”

“आता इंद्रियांची साक्ष किती धरायची...” मी हात जोडून म्हणालो, आणि सगळी समिती हसली. मला आयुष्यात कुणा विद्वानानं इतकी दाद दिली नव्हती. अध्यक्ष हसत हसतच शेजारच्या सदस्याला म्हणाले, “लिहा, अनुपस्थित.”

मी तेव्हाही हसत होतो. चेहरा एकदा हसरा झाला की लगेच परत घेता येत नाही.

युरोपवर मी हे ढकलणार नाही. तिथल्या त्या दार लावून बसलेल्या थोर माणसानं शंका घेतली ती निश्चित काही सापडावं म्हणून. मला निश्चित ते व्हरांड्यातच सापडलं होतं, आणि ते झाकायला मी त्याची शंका उसनी घेतली.

समिती गेल्यावर अमेरिका सर पोरांची वरात घेऊन फाट्यावरून चालत आले. केसांपासून चपलांपर्यंत धूळ, चेहरा लग्नघरासारखा.

“सर! असा तास पुन्हा होणे नाही!”

“समिती येऊन गेली,” मी म्हणालो.

त्यांनी खडू खिशात ठेवला. मग विचारलं, “मी कुठं आहे, हे विचारलं असंल ना?”

“घाईत होते ते.”

“हं. मोठी माणसं. घाई असते,” ते म्हणाले, आणि वर्गात जाऊन स्वतःच फळा पुसला.

मान्यता आली नाही. तासावारीवर त्यांनी थोडे दिवस काढले, मग गेले. अमेरिकेचा पेपर बंद झाला आणि पोरं नाइलाजानं युरोपात परतली. तिथं मी त्यांना ‘अर्थ’ शिकवताना जीपचं उदाहरण द्यायला लागलो. वर्ग हसायचा. उदाहरण कुणाचं, हे मी सांगत नसे. पंखाही एव्हाना बंद पडला होता, तरी पोरं बसायची.

निवृत्तीनंतर मी हिंगोलीत राहायला आलो, तेव्हा जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी बायकोजवळ हे सगळं बोललो. ती शेंगा सोलत होती.

“अहो, मग जाऊन सांगा की. पुसेगाव काय जर्मनीत आहे?”

“कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.”

“‘चुकलं’ इथून करा. ग्रीसपासून कराल तर तो बिचारा झोपेल.”

मी गेलो. अमेरिका सर आता हळदीची शेती करत होते. बहिणीचं लग्न उशिरा, पण झालेलं. मला बघितलं आणि त्यांनी अख्खा तांडा गोळा केला. मला बाजेवर बसवलं, माझ्या पाया पडायला लेकरं आणली. “हे माझे सर,” ते सगळ्यांना सांगत होते. “तो जीपचा तास घ्यायची परवानगी यांनीच दिली होती. दुसरा कोणी असता तर म्हणला असता, वर्गात बसा गुमान.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “चांगला झाला होता ना, सर, तो तास? समितीनं बघायला पाहिजे होता. पण त्यांना घाई होती.”

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “सर, खरंच पोरांसगट जीप गेली होती?”

“गेली होती,” मी म्हणालो. “मी बघितली.”

इतकं बोललो होतो. पुढचं एक वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात जेवायला वाढलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं की पोचल्या पोचल्या बोलायचं. तर खळ्यावर हळदीचं पॉलिश चालू. वाळलेली हळद भलामोठा ड्रम फिरवून घासायची, त्याचा आवाज असा की शेजारच्या माणसाच्या ओठांची नुसती हालचाल दिसते. “सर, ते पोतं धरा!” एवढं त्यांनी खुणेनं सांगितलं. मी पोतं धरलं. पिवळी धूळ डोळ्यांत, नाकात, धोतरावर. शेवटी राहवेना, म्हणून त्या आवाजातच मी तोंड त्यांच्याकडं करून सगळं सांगून टाकलं. व्हरांडा, हात हलवणं, अध्यक्ष, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा प्रस्तावनेशिवाय बोललो.

त्यांनी ड्रम थांबवायची खूण केली. आवाज विझला.

“काय म्हणले, सर?”

सगळे गडी माझ्याकडं बघत होते.

“काही नाही,” मी म्हणालो. “रंग छान आलाय.”

“आलाय ना?” ते खूश होऊन म्हणाले, आणि ड्रम पुन्हा सुरू झाला.

घरी गेलो तर बायकोनं दारातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “सांगायला गेला होतात, का या वयात हळद लावून घ्यायला?”

मी म्हणालो, पुढच्या हंगामाला नक्की. अमेरिका सर तिथं असते तर म्हणाले असते, घालून बघा सर, आजच. पण मला नीट वाक्य हवं होतं, ज्याच्यावर शंका घेता येणार नाही असं.

पुढच्या हंगामाच्या आधीच ते गेले. शेतात बसल्या बसल्या. बातमी कळली तसा मी निघालो. हिंगोलीच्या स्टँडवर पुसेगाववरून जाणारी सेनगावकडची जीप उभी होती, मी आत जाऊन खिडकीशी बसलो. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ड्रायव्हर बाहेर ओरडत होता, “बस एक सीट! एक सीट!” कुणी येत नव्हतं. तेवढ्या वेळात माझं वाक्य तयार झालं. इतकी वर्षं जे जुळत नव्हतं, ते फारच लहान निघालं.

सर, त्या दिवशी तुम्ही कुठं होतात ते मला माहीत होतं. मी हात हलवला होता. माझं चुकलं. मला माफ करा.